सुकलालभाऊंच्या नावाची मूठ

त्या दिवशी देवी माझ्या मांडीवर होती आणि माझा तिच्यावरचा विश्वास उडालेला होता. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मुळात मी कमी बोलते, त्यामुळे माझं न बोलणं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात माझी शाळेपासूनची मैत्रीण वरणगावहून स्कूटीवर परत येताना कडेला बंद पडलेल्या एका ट्रेलरवर मागून आदळली आणि गेली. संध्याकाळ होती, ट्रेलरला मागे दिवा नव्हता, साधी लाल पट्टीसुद्धा नव्हती. ती हेल्मेट घालायची, हळू चालवायची, आणि घरातून निघताना देवघरासमोर हात जोडल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. मला तिचे ते जोडलेले हात सारखे आठवत राहिले. मग एके दिवशी माझे हात जोडायचे थांबले, आणि थांबले ते थांबलेच.

त्या उन्हाळ्यानंतर मला ट्रककडे बघायची सवय लागली. भीती वाटायचीच, पण नजर हटायची नाही. जळगावहून कुठेही निघालं की गाडीच्या काचेतून मी ट्रकच्या पाठी बघत बसायची. कुणाचे दिवे शाबूत आहेत, कुणाच्या दिव्यावर चिखल बसलाय, कुणी दोरीला फाटकी पिशवी बांधून त्यालाच निशाणी समजलंय. त्याहून जास्त कुतूहल वर केबिनमध्ये बसलेल्या माणसाचं. एवढं ओझं पाठीवर घेऊन तो समोर नक्की काय बघत असेल? त्याला आम्ही माणसं म्हणून दिसतो, की नुसते रस्त्यातले अडथळे? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. विचारायला कुणी ट्रकवाला माझ्या ओळखीचा नव्हता.

आमच्या घरात कानबाई बसते. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ही देवी बसवतात. देवी म्हणजे एक नारळ. त्याला डोळे, नथ, कुंकू, अंगावर लाल फडकी, आणि घरातल्या बायका तिच्याशी लेकीशी बोलावं तसं बोलतात. आमच्या भाऊबंदांत नारळ तोच चालत आलेला आहे, फक्त घर बदलतं. धुळ्याला आक्कांकडे कित्येक वर्षं देवी होती. आक्का म्हणजे पप्पांच्या सगळ्यात मोठ्या भावाची बायको; मोठे काका गेल्यापासून घराण्याचं सगळं त्याच बघतात. गेल्या वर्षी त्या म्हणाल्या की आता गुडघे ऐकत नाहीत, देवी जळगावला तुमच्याकडे बसू द्या. म्हणून शनिवारी पप्पा आणि मी धुळ्याला जाऊन देवीला आणि आक्कांना घेऊन निघालो.

एका घरातून उचललेली कानबाई दुसऱ्या घराच्या उंबऱ्यापर्यंत कुठेही खाली ठेवायची नाही, आणि तिला लग्न न झालेल्या मुलीनं धरायचं, अशी आमच्या घरची रीत आहे. घरात तशी मी एकटीच. मी मागच्या सीटवर फडकीत गुंडाळलेला तो नारळ कुशीत धरून बसले. तो अपेक्षेपेक्षा जड होता. त्याचे चांदीचे डोळे माझ्याकडे लागलेले होते. मी बाहेर ट्रक बघत होते.

आणखी एक रीत आहे, आणि सगळं घडलं ते तिच्यामुळे. पारोळा मागे पडलं की थोड्या अंतरावर आमच्या मूळ गावाचा फाटा लागतो. गावात आता आमचं कुणी राहत नाही. पण कानबाई त्या वाटेनं जात असेल तर फाट्यावर उतरायचं, देवीचं तोंड गावाकडे करायचं, आक्कांनी हळद-कुंकू वाहायचं, आणि मग पुढे निघायचं. माहेरी डोकावल्याशिवाय लेक जात नाही, असं आक्का म्हणतात. पूर्वी हा रस्ता अरुंद होता, बैलगाड्या आणि एसटी एवढंच त्यावर असायचं, तेव्हापासून आमची माणसं ठरलेल्या बाभळीपाशी थांबत आली. आता तिथून चौपदरी महामार्ग जातो, सुरतेपासून नागपूरपर्यंतचं सगळं ओझं त्याच्यावरून धावतं. बाभूळ मात्र तीच होती आणि आमची थांबायची जागाही तीच. पप्पांनी नेहमीप्रमाणे गाडी बाभळीपाशी घेतली. डाव्या बाजूला पावसाच्या पाण्यानं भरलेली चारी होती, त्यामुळे गाडीची उजवी चाकं डांबरावरच राहिली. मी म्हटलं, “पप्पा, आत गावच्या रस्त्यावर लावू या ना.” ते म्हणाले, “अगं, पाच मिनिटांचं काम आहे.” मी पुन्हा बोलले नाही.

भुरभुर पाऊस चालू होता. आम्ही गाडीच्या पुढे, फाट्याच्या तोंडाशी उभे राहिलो. आक्का कुंकवाची डबी उघडत होत्या, पप्पा त्यांच्यावर छत्री धरून उभे होते, आणि मी देवीला खांद्याशी धरून गावाकडे वळवत होते. तेवढ्यात मागून हॉर्न आला, लांब, न थांबणारा. मी वळून पाहिलं. आमच्या गाडीच्या टपावरून एका ट्रकचं तोंड दिसत होतं, आणि त्याच्या शेजारून, उजवीकडून, एसटी पुढे निघालेली होती. त्यामुळे ट्रकला उजवीकडे जागा नव्हती. समोर आमची गाडी होती आणि गाडीच्या पुढे आम्ही. मला वर काचेमागे एक चेहरा दिसला. तो चेहरा माझ्याकडे बघत होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मग ट्रकचं तोंड आमच्या गाडीच्या अलीकडेच डावीकडे वळलं, चारीत उतरलं, आणि सगळा ट्रक हळूच एखादं जनावर कुशीवर पडावं तसा कपाशीच्या शेतात आडवा झाला. आवाज नंतर आला असं मला आठवतं. तसं होत नसणार, पण आठवतं तसं.

ट्रकमध्ये मीठ होतं. गोण्या फुटून काळ्या मातीवर पांढरं मीठ पसरलं आणि पावसात विरघळू लागलं. एसटी पुढे जाऊन थांबली, लोक पळत आले. मागून येणाऱ्या दुसऱ्या एका ट्रकवाल्यानं आपली गाडी आडवी लावली, शेतातल्या माणसांनी बाभळीच्या फांद्या तोडून आणि दगड आणून लांबपर्यंत रस्त्यावर मांडले, म्हणजे मागचे वेळेवर सावध होतील. पप्पा फोनवर रुग्णवाहिका बोलावत होते आणि दुसऱ्या हातानं छत्री हलवून गाड्या थांबवत होते. ट्रकचा ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला होता, एकटाच. त्याचा डावा पाय खाली चेपला होता आणि मांडीतून रक्त वाहत होतं. समोरची काच निघून गेल्यामुळे तो दिसत होता, पण आत शिरायला जागा एवढीशीच. जमलेली माणसं सगळी धिप्पाड, आणि जी बारीक होती ती पत्रा उचकटायला पहार आणायला गेलेली. मी देवीला छातीशी धरून चारीच्या काठावर उभी होते.

“माले दे तिले,” आक्का मागून म्हणाल्या. “तू उतर.”

त्यांनी नारळ माझ्या हातातून घेतला, फडकीची गाठ सोडली आणि फडकी माझ्या हातात कोंबली. “त्याना पायले बांध. घट्ट बांध.”

“आक्का, पण देवी…”

“तिले काय थंडी वाजस का? जाय!”

मी चारीतून गुडघाभर पाण्यातून गेले आणि काचेच्या जागेतून आत शिरले. मला रक्त बघवत नाही, अनोळखी माणसाशी बोलताना माझा आवाज फुटत नाही, आणि पाय कसा बांधतात हे मी फक्त शाळेत एका तासाला पाहिलं होतं. जखमेच्या वर फडकी गुंडाळून मी दोन्ही हातांनी ओढली. तो ओरडला. मग त्यानं माझा हात पकडला आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

“लेकरू,” तो म्हणाला. “लेकरू बरं हाये ना?”

कुठलं लेकरू, मला कळेना. मला वाटलं, वेदनेत त्याला घरचं कुणी दिसत असेल. मी म्हटलं, “हो, बरं आहे.” त्यानं डोळे मिटले. मी नाव विचारलं तर म्हणाला, सुकलाल, बोदवडकडचा. मग पत्रा उचकटेपर्यंत तो मधून मधून तेच विचारत राहिला आणि मी तेच उत्तर देत राहिले. एका अनोळखी माणसाशी मी आयुष्यात एवढा वेळ कधी बोलले नव्हते.

रुग्णवाहिका त्याला जळगावला घेऊन गेली. पोलीस आले, तेव्हा आपली गाडी कुठे आणि कशी उभी होती ते पप्पांनी जसंच्या तसं सांगितलं. एक शब्दही त्यांनी कमी केला नाही. सगळे पांगल्यावर ते रस्त्यावर मांडलेले दगड एकेक करून कडेला टाकत बसले. मागून येणाऱ्यांना ते लागू नयेत म्हणून. मी गाडीत बसून त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होते. आक्कांच्या मांडीवर देवी उघडी होती. लग्न न झालेल्या मुलीनंच धरायचं, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच आठवलं नाही.

घरी आईनं दार उघडलं आणि तिची नजर आधी उघड्या नारळावर गेली, मग माझ्या कपड्यांवरच्या रक्तावर. तोवर भाऊबंदांतल्या बायका जमल्या होत्या, कारण त्या संध्याकाळी रोटाचे गहू मोजायचे होते. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, त्या गव्हाच्या पिठाच्या पुरणपोळ्या. त्याचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ असे घेतात. मोठी बाई वयाच्या क्रमानं नावं घेते, सगळ्यात मोठ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत, आणि एकेक मूठ सुपात पडत जाते. फक्त जिवंत माणसाच्या नावाची मूठ घेतात. हा रोट फक्त कुळातल्यांनी खायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. मुलींच्या नावाची मूठ नसते, त्या परक्या घरी जाणार म्हणून. लहानपणापासून मी भिंतीशी बसून हे बघत आले आहे. राग असा कधी आला नाही, पण आपण नक्की कुठे मोजले जातो याचं कुतूहल मात्र दर श्रावणात वाटायचं.

आक्कांनी नावं घेतली. शेवटच्या बाळाची मूठ पडली. बायका सूप उचलणार, तोच आक्का म्हणाल्या, “सुकलाल.”

कुणाला काही कळेना. दवाखान्यातून तेव्हाच फोन आलेला होता की पायाचं ऑपरेशन चालू आहे, रक्त फार गेलंय, काही सांगता येत नाही.

“आक्का, तो कोन?” एका काकूंनी विचारलं. “त्यानं कुळ कोनतं, गोत कोनतं?”

“माले काय माहीत?”

“मंग त्यानी मूठ कशी टाकतस? बठ्ठा भाऊबंद काय म्हनतीन?”

“देवीनी सोतानी फडकी त्याले दिधी,” आक्का म्हणाल्या, “आन् मी मूठभर गहू नही म्हनू का?”

मग आक्का माझ्याकडे वळल्या. “त्याना हात तू धरेल व्हता. त्यानी मूठ बी तूच घे.”

मी भिंतीपासून उठले. गव्हात हात घातला. गहू आतून थंड होते. जिवंत माणसाचीच मूठ असते, हे मला ठाऊक होतं, आणि तो त्या क्षणी जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मूठ मिटली तेव्हा त्यानं धरला होता तो हात मला पुन्हा जाणवला. उन्हाळ्यापासून मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. तेव्हाही शब्दांत काही मागितलं नाही. नुसती मूठ सुपावर नेली आणि उघडली. ती उघडताना काहीतरी माझ्या हातून गेलं आणि मला हलकं वाटलं, एवढंच सांगता येईल. वरची पाव मूठ घालायला मी विसरले, ती आक्कांनी घातली.

रविवारी देवी बसली. नवी फडकी होती, गाणी झाली, फुगड्या झाल्या, सोमवारी मिरवणूक नदीवर जाऊन आली. सुकलालभाऊ अतिदक्षता विभागातच होते. सगळ्यांच्या वाटेचा रोट खाऊन होत आला. त्यांच्या मुठीचं पीठ आईनं पितळी डब्यात वेगळं ठेवलं होतं. ते दुसऱ्या कुणी खायचं नाही, आणि पौर्णिमेनंतर ठेवायचंही नाही. आई रोज तो डबा उघडून बघायची, जणू आतूनच काही बातमी कळणार होती. मी रोज फोन करायची. ज्या मुलीला साधं रिक्षावाल्याला हाक मारता येत नाही, ती दवाखान्यातल्या नर्सला नावानं ओळखू लागली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांच्या बायकोचा फोन आला, की त्यांना वॉर्डात आणलंय आणि ते जेवायला मागताहेत. आईनं त्या पिठाच्या पुरणपोळ्या केल्या आणि डबा माझ्याच हातात दिला.

खाटेवर ते अगदीच सामान्य दिसत होते. बारीक मिशी, कपाळावर टाके, पाय लोखंडी सळ्यांत अडकवलेला. मी काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत गेले होते आणि तिथे पोचल्यावर सगळं विसरले. डबा उघडला. ते माझ्या हातांकडे, मग दाराकडे बघू लागले.

“लेकराले नाही आनलं?”

“भाऊ,” मी म्हटलं, “कुठलं लेकरू?”

“तुमच्या खांद्यावर व्हतं ते. लाल दुपट्यातलं.”

मी डबा त्यांच्या बायकोच्या हातात दिला. मग त्यांना सांगितलं, की ते लेकरू नव्हतं, आमची कानबाई होती. ते एकदम हसायला लागले. हसताना टाके ताणून कण्हले, तरी हसत राहिले. “फशिवलं ना मले तुमच्या देवीनं! लेकराचं सोंग घेतलं तिनं.”

“घरी दोन लेकरं हायेत,” त्यांची बायको पोळी मोडून त्यांच्या तोंडाशी धरत म्हणाली. “त्यायच्याकडं कधी असं डोये फाडून पायलं नाही.”

त्यांनी मग सगळं सांगितलं. पुढे रस्त्यात उभी गाडी दिसली, ब्रेक दाबला, पण मिठानं भरलेला ट्रक, ओला रस्ता. “भरेल गाडी थांबत नाही, ताई. आपून म्हनतो थांब, ती म्हनते मी नाही. नुसती गाडी असती, तं मी सरळ धडकलो असतो. लोखंडाले लोखंड. कोनी चारीत गाडी घालत नाही, चारीत घातली म्हंजे आपला निकाल लागला. पन वरून मले तुमच्या खांद्यावर लेकरू दिसलं. ते माह्याकडं पायत व्हतं.”

ते सरळ धडकले असते, तर आमची गाडी आमच्या अंगावर आली असती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि मीही नाही. माझ्या मनात मात्र त्या चांदीच्या डोळ्यांचा विचार आला. मी देवीला गावाकडे वळवत होते. वळताना तिचं तोंड खांद्यावरून मागे, रस्त्याकडे झालं असणार. मी त्या चेहऱ्याकडे बघत होते तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती. यापलीकडे मला काही सिद्ध करायचं नाही.

त्यांचा पाय वाचला, पण गुडघा आता वाकत नाही. डावा पाय, क्लचचा. ट्रक पुन्हा चालवता येणार नाही. ही गोष्ट मला बराच काळ टोचत राहिली, अजूनही टोचते. माझ्यावर जी कृपा झाली तिची किंमत दुसऱ्याच्या गुडघ्यातून का जावी? मैत्रिणीच्या वेळी कुणी का वळलं नाही? पुढच्या भेटीत मी धीर करून त्यांना विचारलं, की भाऊ, तुम्हाला आमचा राग येत नाही का? ते म्हणाले, “येतो ना. तुमच्या बापाले सांगा, गाडी रस्त्यात लावू नये.” मग म्हणाले, “थांबवनं आपल्या हाती नसतंच, ताई. वळवनं असतं. तेवढं केलं मी.” पप्पा तिथेच होते. त्यांनी मान खाली घातली आणि नंतर सुकलालभाऊंचे पाय दाबत बसले. सुकलालभाऊ म्हणाले, “अहो नाना, तो दुखरा हाये, दुसरा दाबा.” तेव्हा पप्पा कितीतरी दिवसांनी हसले.

माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला मिळालेली नाहीत. मैत्रिणीची आठवण आली की मी अजूनही गप्प होते. पण माझे हात आता पुन्हा जोडले जातात. देवानं मला वाचवावं म्हणून मी ते जोडत नाही. एवढंच मागते, की थांबवता येणार नाही असं काही माझ्या अंगावर येईल, तेव्हा माझ्या हातात असेल तेवढं मला वळवता यावं, आणि बाकीचं तिच्यावर सोडता यावं. ट्रकच्या पाठी मी अजून बघते. त्याहून जास्त वर बघते, केबिनकडे. तिथे कुणीतरी आपल्याकडे बघतंय, हे आता मला ठाऊक आहे.

यंदा देवी आमच्याच घरात आहे, तिला कुठे न्यायचं नव्हतं. तरी आक्कांच्या हट्टानं आम्ही हळद-कुंकू घेऊन फाट्यावर जाऊन आलो. पप्पांनी गाडी थेट गावाच्या आत, मारुतीच्या पारापाशी नेऊन लावली आणि आम्ही तिथून पायी फाट्यावर आलो. आक्का गुडघ्यांच्या नावानं कुरकुरत चालल्या, पण चालल्या. बाभळीजवळच्या शेतात अजून थोडी जमीन पांढरट दिसते, तिथे कपाशी उगवलेली नाही.

संध्याकाळी रोटाचे गहू मोजले. आक्का नावं घेत होत्या, मी सुपाशी बसले होते. पप्पांचं नाव झालं. त्यांच्या धाकट्या भावाचं यायचं होतं, त्याच्या आधी आक्का म्हणाल्या, “सुकलाल.” गेल्या वर्षी ते नाव सगळ्यांच्या शेवटी आलं होतं, कारण त्यांचं वय कुणाला माहीत नव्हतं. यंदा ते आपल्या जागी आलं. कुणी मान वर करून पाहिलं नाही, कुणी काही विचारलं नाही. मी गव्हात हात घातला.